रंगाऱ्याआधी प्लंबर

राहता फ्लॅट विकायचं ठरलं की आपण आधी रंगाऱ्याला बोलावतो. माझं म्हणणं, आधी प्लंबरला बोलवा. बाथरूममागच्या भिंतीत ओल असेल, तर नव्या रंगाचे पोपडे पहिल्याच पावसाळ्यात सुटतात. गळती थांबवा, भिंत वाळू द्या, मगच रंग. ओलीपुढे कपाट सरकवून ती झाकू तर नकाच. कपाट कधी तरी हलणारच. आणि विसार देण्याआधी एकदा संशय आला, की गिऱ्हाईक बाकीच्या भिंतीही ठोकून पाहू लागतं.

मग पसारा काढा. माळ्यावरची रद्दी, बाल्कनीतली मोडकी सायकल गेली, की खोली आहे तेवढी मोठी दिसते. घर दिवसाउजेडी, खिडक्या उघडून दाखवा.

खरी अडचण येते ती कागदांची. मूळ करारनामा, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची पावती आणि सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र एका फाइलमध्ये लावून ठेवा. घर वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर जाहिरातीआधी भावाबहिणींशी बोला. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बाकीच्या वारसांचा हक्क उरतोच. सोसायटीचं हस्तांतर शुल्कही आधी विचारून घ्या. महाराष्ट्रात २००१च्या शासकीय परिपत्रकानुसार महापालिका हद्दीत हस्तांतर अधिमूल्याची कमाल मर्यादा २५ हजार रुपये आहे.

भिंती कोरड्या आणि फाइल पूर्ण असेल, तर घासाघीस फक्त किमतीवर होते.