परिषदांमधली भाषणं : माझी दुसरी शाळा



संयोजकांचा आग्रह होता, 'तुझ्या क्षेत्राविषयी बोल, पण सगळ्यांना कळेल असं.' म्हणून आज चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा विद्यार्थी होण्याविषयी बोलते.

इंजिनिअरिंगची पदवी घेतली, काही वर्षं नोकरी केली आणि मग मुलांसाठी सात वर्षं घरी होते. २०१६ साली पुन्हा नोकरी शोधायला निघाले, तेव्हा वेबसाइट बनवायची अवजारंच बदलली होती. एका मुलाखतीत ऐकावं लागलं, "मॅडम, तुमचं ज्ञान जुनं झालंय." लागलं मनाला, पण ते खरंच होतं. क्लासला द्यायला ना वेळ होता ना पैसे. मग हाती आली ती जगभरच्या तांत्रिक परिषदांमधली भाषणं. यूट्यूबवर ती फुकट मिळतात आणि बोलणारा बहुधा ते तंत्र घडवणारा किंवा रोज वापरणारा असतो.

एक उदाहरण देते. २०१४ साली जेएसकॉन्फ ईयू या परिषदेत फिलिप रॉबर्ट्स यांनी जावास्क्रिप्टच्या 'इव्हेंट लूप'वर भाषण दिलं. मला ते स्वयंपाकघराच्या भाषेत कळलं. जावास्क्रिप्टला हात एकच. ती पोळ्या लाटतेय आणि कुकर गॅसवर चढवलाय. शिट्टी झाली तरी तव्यावरची पोळी उतरल्याशिवाय ती कुकरकडे वळत नाही. 'शून्य सेकंदांनी हे काम कर' असं लिहिलं तरी ते लगेच का होत नाही, हे कोडं तिथे सुटलं.

पण नुसत्या स्लाइड वाचून भागत नाही. तासाला गैरहजर राहून मैत्रिणीची वही उतरवून घेण्यासारखंच ते. मुद्दे मिळतात, पण 'का' हे बोलणाऱ्याच्या तोंडीच राहतं. स्लाइड उपयोगी पडतात त्या नंतर, उजळणीला.

माझी पद्धत साधी होती. पहिल्यांदा भाषण न थांबवता ऐकायचं. दुसऱ्यांदा दर दोन मिनिटांनी थांबवून पडद्यावरचा कोड स्वतः टाइप करायचा, मुद्दाम बिघडवून बघायचा. तिसऱ्या दिवशी तोच विषय कुणाला तरी मराठीत समजावायचा. आमच्या घरी हे काम सासूबाईंनी केलं. त्यांनी "म्हणजे काय गं?" विचारलं आणि मी अडखळले, की समजायचं, भाषण पुन्हा ऐकायला हवं. मराठी माध्यमामुळे परदेशी उच्चार सुरुवातीला कळत नसत. वेग कमी केला, सबटायटल लावली, महिन्याभरात कान सरावले.

आणखी एक सवय लावून घेतली : आधी तारीख बघायची. रिअॅक्टमध्ये 'हुक्स' आले ते फेब्रुवारी २०१९ मध्ये. त्याआधीच्या भाषणांतला काही कोड आजही चालतो, पण नवीन काम तसं कुणी फारसं लिहीत नाही. शिवाय मंचावर सगळं सुरळीत चालतं. अडचणी आपल्या टेबलावर येतात, तेव्हा अधिकृत माहितीपुस्तिका उघडावीच लागते.

सर्वांत मोठा धडा मात्र तंत्राचा नव्हता. रायन डाल यांनी २००९ साली बर्लिनमध्ये नोड जेएस जगासमोर मांडलं. २०१८ साली त्याच परिषदेत ते पुन्हा उभे राहिले आणि नोडमधल्या कोणत्या गोष्टींची आपल्याला खंत वाटते, ते त्यांनी सांगितलं. जगभर वापरलं जाणारं काम, आणि कर्ताच भर सभेत त्यातल्या उणिवा वाचून दाखवतोय! तेव्हा वाटलं, या क्षेत्रात कुणीच शिकून संपलेलं नाही. मग सात वर्षांचा खंड कसली मोठी गोष्ट?

वर्षभराच्या अशा अभ्यासानंतर मला नोकरी मिळाली. आज मी नव्यांच्या मुलाखती घेते. कुणाच्या अर्जात खंड दिसला, तर आधी विचारते, "सध्या काय शिकताय?"

इथे बसलेल्या ज्या मैत्रिणींना वाटतं की आता उशीर झाला, त्यांनी आज मला जरूर भेटावं. आणि मुख्याध्यापकांना एक विनंती. शाळेच्या संगणक कक्षात महिन्यातून एक शनिवार मला द्या. एक भाषण लावू, मध्ये मध्ये थांबवू, मराठीत बोलू. नववी-दहावीच्या मुलींना इंग्रजी ऐकायची भीती वाटू नये, एवढं जरी साधलं तरी या शाळेचं थोडंसं ऋण फिटेल.