चिंचेतील क्षार आणि घडवलेले स्फटिक



बस्तरची चिंच रायपूरच्या स्वयंपाकघरांना परकी नाही. तिच्यातील टार्टारिक आम्लाचा सोडियम व पोटॅशियम यांच्यासह जो क्षार होतो, तो रोशेल क्षार. १९२० साली जोसेफ व्हॅलासेक यांना त्यात एक विलक्षण गुण आढळला. स्फटिकातील विद्युतभारांना आपसूक एक दिशा असते. विद्युतक्षेत्र लावले की ती उलटते आणि क्षेत्र काढले तरी उलटलेलीच राहते. लोहचुंबकाशी असलेल्या साम्यामुळे या गुणास फेरोइलेक्ट्रिक म्हणतात. भिलाईच्या शेजाऱ्यांनी मात्र त्यात लोखंड शोधू नये!

हा गुण २४ अंश सेल्सिअसच्या वर नाहीसा होतो. रायपूरच्या वैशाखात त्याचा काय उपयोग? पुढे बेरियम टायटॅनेट आले. ते सुमारे १२० अंशांपर्यंत टिकते. त्याची रचना पेरोव्स्काइटची, म्हणजे १८३९ साली गुस्टाव्ह रोझ यांनी वर्णिलेल्या उरल पर्वतातील खनिजासारखी: कोपऱ्यांनी जोडलेल्या अष्टफलकांचे जाळे आणि त्याच्या पोकळीत एक आयन. परंतु हे पदार्थ प्रखर भट्टीत भाजावे लागतात आणि त्यांतील सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पदार्थात विषारी शिसे असते.

त्या पोकळीत धातूऐवजी सेंद्रिय रेणू बसवला तर? अणूला टोके नसतात, रेणूला असतात. उष्णतेत हा रेणू मधल्या सुट्टीतल्या मुलासारखा सर्व दिशांना फिरतो. थंड होताच घंटा झाल्याप्रमाणे एका दिशेला तोंड करून स्थिरावतो. अडचण अशी, की शेजारचा रेणू पुष्कळदा नेमका उलट बसतो आणि दोघांचे परिणाम एकमेकांना खोडतात. खरी कसोटी ही खोड मोडण्यात आहे. त्यासाठी रसायनज्ञ रेणूतील एखाद्या हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन बसवतात, किंवा डाव्या-उजव्या हातासारखा, आरशातील प्रतिमेशी न जुळणारा रेणू निवडतात. अशा एकाच हाताच्या रेणूंच्या स्फटिकाला सममितीचे केंद्र असूच शकत नाही; अर्थात तेवढ्याने फेरोइलेक्ट्रिक गुणाची हमी मिळत नाही. चिंचेतील टार्टारिक आम्लाचा रेणूही असाच एका हाताचा आहे.

२०१८ मध्ये शिओंग रेन-गेन यांच्या चिनी गटाने धातूचा एकही अणू नसलेला पेरोव्स्काइट घडवला. त्याचे ध्रुवीकरण बेरियम टायटॅनेटच्या जवळपास पोहोचते आणि सुमारे १७५ अंशांपर्यंत टिकते. पुण्याच्या आयसर संस्थेत रामामूर्ती बूमीशंकर यांचा गट असेच संमिश्र स्फटिक घडवून, ते बहुवारिकाच्या लवचिक पापुद्र्यांत मिसळून, दाबापासून वीज मिळवण्याचे प्रयोग करतो. नुसता स्फटिक वाकवला तर तुटतो, म्हणून हा पापुद्रा.

शिशाचा प्रश्न असा सुटू लागला आहे, पाण्याचा नाही. धातूविरहित तो स्फटिक पाण्यातूनच वाढवतात, म्हणजे तो पाण्यात विरघळतोही. रोशेल क्षाराची हीच जुनी दुर्बलता नव्या पिढीतही उतरली आहे, आणि आपल्याकडे तर श्रावण दरवर्षी येतो.