ताई, माझा रिषभ कसा लागला?

गेली बरीच वर्षं मी गाण्याच्या मैफलींची परीक्षणं लिहिते. आज त्या कामातली माझी एक चूक तुम्हांला सांगणार आहे.

सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. एक तरुण गायिका संध्याकाळच्या मैफलीत मारवा गायली. घरी येऊन मी लिहायला बसले. तिची मोरपिशी पैठणी, गजरा, प्रसन्न चेहरा यांवर चार ओळी झाल्या. गाण्याबद्दल ‘गायन रंगले’ एवढंच लिहून मी मोकळी झाले. काही महिन्यांनी ती एका कार्यक्रमात भेटली. म्हणाली, “ताई, साडीचं छान लिहिलंत. पण माझा रिषभ कसा लागला होता हो?”

मारव्याचा जीव त्या कोमल रिषभात असतो. षड्ज लांबवत न्यायचा आणि रिषभावर थांबायचं, म्हणजे आधार सोडून उभं राहण्यासारखं. कितीतरी महिने तिने त्या एका स्वरावर मेहनत केली होती. आणि मला काय आठवत होतं? पैठणीचा काठ! मला उत्तर देता आलं नाही.

ही खोड फक्त माझी नाही आणि फक्त आपल्याकडचीही नाही. युरोपातला ऑपेरा घ्या. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकाचा लांबचा नातेवाईक समजा, फक्त त्यात बोलणंही बहुतेक गाण्यातूनच चालतं. समोर मोठा वाद्यवृंद वाजत असतो आणि गायिकेपुढे सहसा माइक नसतो. तिचा आवाज श्वासाच्या जोरावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवा.

1853 साली व्हेनिसमध्ये व्हेर्दी या संगीतकाराच्या ‘ला त्राव्हियाता’ या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला. नायिका शेवटी क्षयाने मरते. ते काम करणाऱ्या फॅनी साल्विनी-दोनातेल्ली अडतीस वर्षांच्या होत्या आणि अंगाने भरलेल्या. पहिल्या अंकात त्यांच्या गाण्याला चांगली दाद मिळाली. पण पुढे, ही धडधाकट बाई क्षयाने खंगतेय म्हणे, असं म्हणून लोक हसले. प्रयोग पडला. त्या रात्री इतर गायकांचीही कामं जमली नव्हती, पण लक्षात राहिलं ते बाईंचं अंग. तेव्हा ध्वनिमुद्रण नव्हतं. त्यांचा आवाज आज कुणालाच ऐकता येणार नाही. जाडेपणा मात्र अजून सांगितला जातो.

तुम्ही म्हणाल, जुनी गोष्ट आहे. तर मग 2014 ची ऐका. इंग्लंडमधल्या ग्लाइंडबोर्न इथे ‘डेअर रोझेनकाव्हालिअर’ हा ऑपेरा होता. त्यात एका तरुण मुलाचं काम बाई करते. त्या वेळी ते आयर्लंडच्या टारा एरॉट यांनी केलं. त्यानंतर मोठमोठ्या वर्तमानपत्रांतल्या पुरुष समीक्षकांनी त्यांच्या अंगकाठीवर लिहिलं. ते वाचून अ‍ॅलिस कूट या गायिकेने समीक्षकांना उघडं पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की ऑपेरा हा माणसाच्या आवाजाचा खेळ आहे, तो आवाज आधी ऐका.

आता एक गंमत पाहा. हा ऑपेरा पहिल्यांदा रंगमंचावर आला तो 1911 साली. त्याच वर्षी आपल्याकडे खाडिलकरांचं ‘संगीत मानापमान’ आलं आणि त्यात भामिनी झाले बालगंधर्व. तिकडे बाई मुलगा झाली, इकडे पुरुष नायिका झाला. पुढे बालगंधर्वांचं वय झालं, शरीर सुटलं, तरी ते स्त्रीभूमिका करत राहिले आणि रसिक त्यांच्या गाण्यासाठी येत राहिले. म्हणजे कान उघडे असले की डोळे सांभाळून घेतात, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. मग ती सवलत बाईला का नको?

ऑपेरा हे नाटकही आहे, तेव्हा समीक्षकाने दिसण्याबद्दल काहीच बोलू नये असं मी म्हणत नाही. पोशाख बेंगरूळ असेल तर तसं लिहावं, पण तो दोष पोशाख करणाऱ्याच्या पदरात घालावा. अभिनय कमी पडला तर तेही लिहावं. पण कंबर किती इंच आहे, हा काही कलेतला गुण किंवा दोष नव्हे.

प्रत्यक्ष मैफल एकदाच होते. तिचं ध्वनिमुद्रण झालं नसेल, तर मागे उरतात त्या परीक्षणाच्या चार ओळी. त्या साडीवर खर्च झाल्या, तर गाणं पुसलं जातं.

म्हणून आता मी एक करते. मैफलीत पहिली दहा मिनिटं डोळे मिटून बसते. स्वर कुठे ठेवला, श्वास कुठे घेतला, तबल्याशी समेवर कशी भेट झाली, एवढंच वहीत टिपते. डोळे मग उघडते.

तुम्हीही करून बघा. गावातल्या उत्सवात एखादी मुलगी गायला बसली की बाजूची मैत्रीण कानात कुजबुजते, “रंग सावळा आहे नाही?” तेव्हा तिला हळूच म्हणा, “अगं थांब, आधी ऐकू या.”

ती गायिका आजही गाते. परवा तिचा मारवा पुन्हा ऐकला. या वेळी तिने विचारायच्या आधीच मी सांगितलं, “रिषभ अगदी जागेवर होता गं.”