शेतावरच्या तारा आणि आकाशातील फवारणी

पैनगंगा ओलांडून आदिलाबाद जिल्ह्यात शिरले, की तामसीच्या परिसरात काळ्या जमिनीवर कापूस आणि तूर उभी दिसते. ह्या पिकांतूनच विजेचे खांब गेलेले असतात. विहिरीवरील मोटारपंप चालविणाऱ्या तारा शेतकऱ्यास वरदान होत, ह्यात संशय नाही. परंतु पिकावरून उडत औषध फवारणाऱ्या यंत्रास त्याच तारा घातक ठरतात.

आकाशातून फवारणी हवीच कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर नदीपलीकडे मिळते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. पाठीवर पंप घेऊन विषाच्या धुक्यातून चालणे ज्यामुळे टळेल, ते साधन स्वागतार्हच मानले पाहिजे.

परदेशांत हे काम विमाने व हेलिकॉप्टरे दीर्घकाळ करीत आली आहेत. आपल्याकडेही २०२० साली राजस्थानात टोळधाडीवर हेलिकॉप्टरमधून फवारणी झाली. ह्या कामात पिकाच्या शेंड्यांपासून अवघ्या काही हातांवरून उडावे लागते, आणि तारांचे संकट तेथेच असते. ऑस्ट्रेलियात २००१ ते २०१० ह्या काळात तारांवर आदळण्याचे १८० अपघात नोंदले गेले. त्यांपैकी १०० शेतीच्या उड्डाणांतील होते. विशेष हे, की निम्म्याहून अधिक वैमानिकांना ती तार तेथे असल्याचे आधीच ठाऊक होते!

मग जाणता मनुष्य फसतो कसा? तार बारीक असते, जुनी झाली म्हणजे काळवंडते आणि मागच्या शेताच्या रंगात मिसळून जाते. ती दिसली, तरी किती अंतरावर आहे हे डोळ्यास उमगत नाही. शिवाय वारा, औषधाची धार, पिकाची कड आणि प्रत्येक फेरीचे वळण ह्यांत मन गुंतलेले असते. म्हणून अनुभवी वैमानिक तार शोधीत बसत नाही. तो खांब शोधतो, आणि ओलांडायचे झाल्यास खांबावरूनच ओलांडतो. हेलिकॉप्टरच्या नाकाशी तार कापणारी पाती बसवितात; परंतु सरळ वेगाने उडताना तार समोरून आली, तरच त्यांचा उपयोग.

आज आपल्या शेतांत हे काम ड्रोन करू लागले आहेत. २०२३ साली केंद्र सरकारने पंधरा हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. ड्रोनमध्ये वैमानिक नसतो, म्हणून धोका नाही, असे समजणे चूक होय. चालविणारी भगिनी बांधावर उभी असते. शेताच्या दूरच्या टोकाची तार तिला कशी दिसावी? अडथळा ओळखणाऱ्या यंत्रासही बारीक तार चुकविता येईलच असे नाही. त्यातून काळी जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते. खांब कलतात, तारा लोंबतात. गेल्या हंगामातील उंची ह्या हंगामात राहत नाही.

ह्यावर उपाय साधा आहे. उड्डाणापूर्वी शेताची पायी फेरी घालावी. प्रत्येक खांब, खांबाचा ताण आणि नवी जोडणी कागदावर टिपावी. शेतमालकाने ही माहिती आपण होऊन सांगावी. फेऱ्या तारेला समांतर घ्याव्या आणि तारेलगतची पट्टी सोडून द्यावी. ड्रोन तारेत अडकलाच, तर त्याला किंवा तुटलेल्या तारेला कोणीही हात लावू नये. वीज कचेरीस कळवून, प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत सर्वांनी दूर राहावे. ओल्या शेतात पडलेली जिवंत तार जवळ जाणाऱ्याचाही जीव घेते. यंत्राची भरपाई होऊ शकेल. ते उचलावयास धावलेल्या माणसाची होणार नाही.