तंबोरा ऐकू यायला हवा

नवी गाडी घरी येते, नारळ फुटतो, पेढे वाटून होतात, पहिली पुण्याची फेरीही होते. मग पंधरा दिवसांत एक तक्रार सुरू होते, 'गाडी छान आहे हो, पण आवाजात मजा नाही.' गेली पंचवीस वर्षं मी चेंबूरला मोटारींच्या वायरिंगचं काम करतो. आठवड्यातून दोन-तीनदा तरी हे वाक्य माझ्या कानावर पडतं. या तक्रारीवर काय करावं आणि काय करू नये, याबद्दल आज बोलायचं आहे.

मोटारीत गाणी ऐकण्याची हौस जुनी आहे. अमेरिकेत पॉल गॅल्विन यांनी १९३० साली मोटारीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला आणि त्याचं नाव ठेवलं मोटोरोला. पुढे तेच त्यांच्या कंपनीचं नाव झालं. आपल्या शेजारी कुर्ल्याला प्रीमियर पद्मिनी तयार होत होती, त्या काळात आवाजाची हौस भागवणं सोपं होतं. लॅमिंग्टन रोडला जायचं, मनासारखा डेक आणायचा, जुना काढून तो त्या जागी बसवायचा. आताच्या गाड्यांत तसं करता येत नाही. डॅशबोर्डवरच्या पडद्यात स्टिरिओ असतो, मागचा कॅमेरा असतो, फोन असतो, काही गाड्यांत एसीसुद्धा असतो. तो पडदा काढला तर निम्मी गाडी मुकी होते. म्हणून कंपनीचा स्टिरिओ जागेवर ठेवून त्याला वेगळा अँप्लिफायर जोडायचा, हाच मार्ग बहुतेकांपुढे उरतो.

आधी हे बघू, की कंपनीचा स्टिरिओ कमी कुठे पडतो. जाहिरातीत '५० वॅट गुणिले ४' असं लिहिलेलं असतं. तो आकडा क्षणभराच्या शिखराचा. खरा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट असतात आणि स्टिरिओतल्या बोटभर आयसीला तेवढ्यातच भागवावं लागतं. १४ व्होल्टच्या टोकापर्यंत जाणाऱ्या लहरीचं आरएमएस मूल्य जवळपास १० व्होल्ट येतं. स्पीकरचा रोध ४ ओहम. दहाचा वर्ग शंभर, भागिले चार, म्हणजे पंचवीस वॅट. तेही आयसीत काहीच वाया गेलं नाही तर. प्रत्यक्षात स्वच्छ आवाजाचे पंधरा ते वीस वॅट हाती लागतात. त्यापुढे आवाज वाढवला की लहरींचे शेंडे छाटले जातात. कानाला ते चिरकेपण म्हणून कळतं, आणि फार वेळ तसंच चालू राहिलं तर नाजूक ट्वीटर जळतो.

अँप्लिफायरच्या पेटीत दोन कामं होतात. पहिला भाग बॅटरीचे १२-१४ व्होल्ट चढवून बरेच वर नेतो. दुसरा भाग त्या वाढीव दाबावर गाण्याची लहर मोठी करतो. इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. वॅट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही, तो फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. मग विसाचे सत्तर वॅट करून मिळतं काय? गाणं सरासरी एक-दोन वॅटवरच चाललेलं असतं. पण तबल्यावर थाप पडते किंवा तान तार सप्तकात जाते, तेव्हा क्षणभर त्याच्या वीस-तीसपट वॅट लागतात. छत उंच असेल तर उडी मारणाऱ्याचं डोकं आपटत नाही. अँप्लिफायर हे छत उंच करतो.

चार वर्षांपूर्वी माहुलच्या रिफायनरीतून निवृत्त झालेले एक काका माझ्याकडे आले. दर रविवारी ते काकूंना घेऊन ईस्टर्न फ्रीवेने गिरगावला लेकीकडे जातात. २०१३ साली हा रस्ता खुला झाला आणि चेंबूरकरांना दक्षिण मुंबई जवळ आली. सिग्नल नाहीत, गाडी वेगात जाते. पण वेगाबरोबर टायरचा घरघराटही येतो. काका म्हणाले, "अरे, नाक्यावरच्या सिग्नलला उभा असतो तोवर तंबोरा ऐकू येतो. फ्रीवेला लागलो की तंबोरा गायब. आवाज वाढवला, की गाणाऱ्या बाई ओरडायला लागतात."

माझ्या धंद्यातलं सगळं दुखणं काकांनी तीन वाक्यांत सांगितलं. रस्त्याचा आवाज गाण्यातला हळू भाग गिळून टाकतो. तो वर काढायला जावं तर मोठ्या भागाला स्टिरिओचं छत पुरत नाही. काकांना दणदणाट नको होता. त्यांना तंबोरा हवा होता.

मी म्हटलं, "काका, अँप्लिफायर नंतर. आधी दरवाजे." स्पीकर ज्या दरवाजात बसतो तो पातळ पत्र्याचा डबा असतो. स्पीकर वाजला की पत्राही वाजतो, शिवाय रस्त्याचा आवाज तिथूनच आत येतो. आम्ही दरवाजाचं पॅड उघडून आतल्या पत्र्यावर ब्यूटाइल रबराचे जड पट्टे दाबून चिकटवले आणि मोठी भोकं बंद केली. तळाशी पाणी जाण्यासाठी असलेली छोटी भोकं मात्र उघडीच ठेवली. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दरवाजात उतरतंच, ते बाहेर जायला हवं. पॅडमागचा प्लास्टिकचा पडदाही पुन्हा नीट चिकटवावा लागतो. घाईत तो फाडून टाकला तर पहिल्याच पावसात पाणी पायाखाली येतं.

मग स्पीकर बदलले आणि शेवटी चार चॅनलचा मध्यम ताकदीचा अँप्लिफायर बसवला. पुढच्या रविवारी संध्याकाळी काकांचा फोन आला. म्हणाले, "बोगद्यापाशी हिने विचारलं, आज आवाज कमी ठेवलाय का? मी तर नेहमीपेक्षा वर ठेवला होता." याचं कारण साधं आहे. गाडीत आपल्याला जे 'मोठं' वाटतं त्यातलं बरंचसं चिरकेपण असतं. ते गेलं की मोठा आवाजही शांत वाटतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, विजेची. दोनशे वॅट बाहेर देणारा जुन्या पद्धतीचा, म्हणजे एबी वर्गाचा अँप्लिफायर बॅटरीकडून साडेतीनशे-चारशे वॅट घेतो. उरलेले उष्णतेत जातात. १४ व्होल्टवर हे २५ ते ३० अँपिअर होतात. गाडीचे दोन्ही हेडलाइट मिळून जेमतेम नऊ-दहा अँपिअर घेतात, यावरून कल्पना यावी. डी वर्गाचे अँप्लिफायर याहून खूपच कमी घेतात, म्हणून लहान गाडीत मी तेच सुचवतो. पण कोणताही असो, त्याची वीज स्टिरिओच्या मागच्या तारेतून घ्यायची नाही. थेट बॅटरीवरून वेगळी जाड तार आणायची आणि त्या तारेवर, बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, फ्यूज लावायचा.

हा फ्यूज अँप्लिफायरसाठी नसतो, तारेसाठी असतो. अँप्लिफायरला स्वतःचा फ्यूज असतोच, पण तो तारेच्या दुसऱ्या टोकाला. मधल्या दहा-बारा फुटांत तार कुठे पत्र्याला घासली, तिचं वेष्टन गेलं, तर बॅटरी आपली सगळी ताकद त्या एका ठिणगीत ओतते. तार तांबडी होते आणि ती असते कार्पेटखाली.

एक तरुण मुलगा अशी गाडी माझ्याकडे टो करून घेऊन आला होता. ॲपवर टॅक्सी चालवायचा, गाडीचे तीन वर्षांचे हप्ते बाकी होते. हौसेने कुठूनतरी बेसट्यूब आणि अँप्लिफायर बसवून घेतला होता. तार इंजिनाकडून आत आणताना पत्र्याच्या भोकात रबरी बूच घातलं नव्हतं, आणि बॅटरीजवळ फ्यूज नव्हता. सहा महिने काही झालं नाही. मग एका दुपारी डाव्या सीटखालून धूर आला. मागे प्रवासी बसलेले. त्याने गाडी बाजूला घेतली, प्रवाशांना उतरवलं, बोनेट उघडून बॅटरीची तार उपटली, म्हणून एवढ्यावर निभावलं. तरी सगळं वायरिंग बदलेपर्यंत अडीच आठवडे गाडी उभी होती. त्याचं रोजचं उत्पन्न बंद, हप्ता मात्र चालू. एक रबरी बूच आणि एक फ्यूज. दोन्हीची किंमत मिळून त्याच्या एका दिवसाच्या कमाईपेक्षा कमी होती.

तारेबद्दल आणखी एक. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारा स्वस्तात मिळतात. वेष्टन जाड असल्याने त्या दणकट दिसतात. टोकाची एक तार पात्याने खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर ते ॲल्युमिनियम. ते तेवढ्याच जाडीच्या तांब्याइतकी वीज वाहू शकत नाही आणि दमट हवेत सांध्यापाशी लवकर खराब होतं. अर्थिंगची तारही तेवढीच जाड हवी, आखूड हवी आणि रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट आवळलेली हवी. वेग वाढवला की स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज चढत जातो, त्याचं मूळ बहुधा या ढिल्या अर्थिंगमध्ये असतं, नाहीतर गाण्याची तार विजेच्या तारेला चिकटून नेलेली असते. एक तार गाडीच्या डाव्या बाजूने न्यावी, दुसरी उजव्या.

कंपनीच्या स्टिरिओला अँप्लिफायरसाठी वेगळी पिन बहुधा नसते. म्हणून स्पीकरकडे जाणाऱ्या तारांवरूनच गाणं घ्यावं लागतं. बऱ्याच अँप्लिफायरमध्ये तशी सोय असते, नसेल तर मध्ये एक छोटा कन्व्हर्टर लागतो. त्या दोन्ही तारांवर बॅटरीच्या निम्मा दाब कायम असतो. त्यातली एक अर्थिंग समजून पत्र्याला जोडली तर स्टिरिओतली आयसी जाऊ शकते. तसंच, कंपनीच्या तारा कापून जोडू नयेत. आता प्रत्येक गाडीसाठी मधे बसणारे कपलर मिळतात. उद्या वॉरंटीचा किंवा विम्याचा प्रश्न आला तर कापलेली तार तुमच्या विरुद्ध बोलते. विजेवरच्या गाड्यांतही १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते, काम तिच्यावरच करायचं. नारिंगी वेष्टनाच्या केबल शेकडो व्होल्टच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही.

अँप्लिफायर सीटखाली ठेवणं सोयीचं, पण आपण मुंबईत राहतो. पोस्टल कॉलनीत पाणी साचलं की ते आधी गाडीच्या तळाशी येतं. त्याला खाली दोन बोटं उंचीची पट्टी द्यावी आणि वर हवा खेळती ठेवावी.

शेवटी 'गेन' नावाचा स्क्रू. तो आवाज वाढवण्यासाठी नसतो, स्टिरिओ आणि अँप्लिफायर यांचा मेळ घालण्यासाठी असतो. स्टिरिओ पाऊणपर्यंत नेऊन गेन हळूहळू चढवायचा, आवाज फाटू लागला की थोडा मागे घ्यायचा आणि पुन्हा त्याला हात लावायचा नाही. दरवाजातल्या छोट्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या खालचा भाग पाठवू नये. तो त्यांना पेलत नाही.

हे सगळं झाल्यावर हातात ताकद येते, आणि ती बंद काचांच्या आत येते. ८५ डेसिबल आवाजात आठ तास काम करता येतं, ही अमेरिकेतल्या 'नायोश' या संस्थेची मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटं. चेंबूर ते फोर्ट एवढ्या वेळात होत नाही. कानातल्या बारीक पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. आणि आपल्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीत रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. काचा बंद केल्या तरी बेस पत्र्यातून बाहेर येतो आणि सोसायटीतल्या पहिल्या मजल्यावरचं बाळ उठतं.

गाडी कारागिराच्या ताब्यात देण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. बॅटरीजवळ फ्यूज कुठे लावणार? तार तांब्याची आहे का? पत्र्याच्या भोकात रबर घालणार का? कंपनीची तार कापणार की कपलर वापरणार? उत्तरं पटली तर चावी द्या. आणि त्याने उलट तुम्हालाच विचारलं, की तुम्ही गाडीत काय ऐकता, तर माणूस कामाचा आहे असं समजा.