पाण्याखालचे कुर्डी गाव



मागच्या वर्गात आपण गावाची माहिती कशी लिहावी ते पाहिले. गाव कुठे आहे, चारी दिशांना काय आहे, घरे किती, माणसे किती, गाव कधीपासूनचे, हे सारे आपण क्रमाने लिहिले. आज मी एका गावाची अशीच माहिती सांगणार आहे. पण हे गाव जरा निराळे आहे. वर्षातले दहा-अकरा महिने ते दिसतच नाही. मे महिना आला की दिसते. हसू नका, खरेच सांगतो.

गावाचे नाव कुर्डी. गोव्याच्या आग्नेय भागात सांगे नावाचा तालुका आहे. त्या तालुक्यातले हे गाव. पूर्वेला सह्याद्रीच्या रांगा. दोन डोंगरांच्या मध्ये खोलगट दरी, आणि दरीतून वाहणारी साळावली नदी. ही नदी पुढे जाऊन मोठ्या जुवारी नदीला मिळते. पाऊस म्हणाल तर विचारू नका. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. घाटाच्या पायथ्याशी त्याहूनही जास्त. डोंगरावरची माती वाहून खाली येते, दरीत साचते. म्हणून जमीन कसदार. नदीकाठी भाताची शेते आणि त्यांच्या भोवती माड, काजू, आंबा, फणस. घराच्या मागे विहीर, पुढे तुळशीवृंदावन. घरे जांभ्या दगडाची.

गावात माणसे सुमारे ३०००. कुटुंबे ६००च्या वर. आता हिशेब करा पाहू. ३०००ला ६००ने भागले की पाच. म्हणजे एका घरात सरासरी पाच माणसे. हिंदू होते, ख्रिस्ती होते, मुसलमान होते. सोमेश्वराचे मोठे देऊळ, शिवाय लहान देवळे, ख्रिस्ती लोकांचे एक चॅपेल, आणि मुसलमानांचे एक पवित्र स्थान. सगळे एकाच शिवारात.

गाव जुने किती? फार जुने. जांभ्या दगडात कोरलेली देवीमातेची एक भली मोठी मूर्ती कुर्डीला होती. इथे एक प्राचीन महादेवाचे दगडी देऊळही होते. पोर्तुगीज लोक गोव्यात आले १५१० साली. पण सांग्याचा हा मुलूख त्यांच्या हाती आला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे जवळ जवळ अडीचशे वर्षांनी. आधी घेतलेल्या भागात त्यांनी देवळे पाडली होती. नंतर मिळालेल्या मुलखात तसे झाले नाही. इकडची देवळे जागच्या जागी राहिली. नकाशावरची रेघ कधी सरकली यावर एका गावाचे काय काय अवलंबून असते बघा!

या गावाचे नाव आणखी एका कारणाने साऱ्या देशात गेले. १५ जुलै १९०४ रोजी इथे एक मुलगी जन्मली. तिचे नाव मोगूबाई. पुढे ती अल्लादियाखाँसाहेबांकडे गाणे शिकली आणि थोर गायिका झाली. १९७४ साली तिला पद्मभूषण मिळाले. गानसरस्वती किशोरी आमोणकर या तिच्याच कन्या. मोगूबाई मुंबईत राहिल्या, २००१ साली मुंबईतच वारल्या. पण आडनाव लावले कुर्डीकर. गाव बुडाले, आडनावात मात्र राहिले.

आता गाव बुडाले कसे ते ऐका.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. दयानंद बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. दक्षिण गोव्यात पाऊस भरपूर, पण पाणी धावत समुद्राला जाते. उन्हाळ्यात घागर घेऊन हिंडावे लागे. सरकारने ठरवले, साळावली नदीवर धरण बांधायचे. बांदोडकर स्वतः कुर्डीला आले. लोकांना म्हणाले, या धरणाने साऱ्या दक्षिण गोव्याचे भले होईल, तुम्हाला मात्र गाव सोडावे लागेल. लोकांनी ऐकून घेतले. काय बोलणार? नव्या राज्यकर्त्यांवर विश्वास होता. दुसऱ्याला पाणी मिळते आहे, त्याला नाही कसे म्हणावे, असेही कित्येकांना वाटले असेल.

धरण झाले. उंची ४२.७ मीटर, लांबी सुमारे एक किलोमीटर. मागे जो तलाव साचला तो सुमारे २४ चौरस किलोमीटरचा. १९८६ साली कुर्डी पाण्याखाली गेले. त्या वेळी गोवा अजून केंद्रशासित होता. घटकराज्य झाले ते पुढच्या वर्षी, ३० मे १९८७ला.

माणसे जवळच्या वाडे, वालकिणी अशा ठिकाणी नेऊन वसवली. जमीन दिली, नुकसानभरपाई दिली. देवीमातेची मूर्ती वेर्णे येथे हलवली. महादेवाचे देऊळ पुरातत्त्व खात्याने एकेक दगड उतरवून धरणाजवळ नेले आणि पुन्हा जसेच्या तसे उभे केले. फार कष्टाचे आणि फार चांगले काम झाले ते. पण मला विचाराल तर देऊळ हलवणे सोपे, माड हलवणे कठीण. माड आज लावला तर फळ धरायला सहा-सात वर्षे जातात. आजोबांनी लावलेला फणस तर पैशात कसा मोजावा? त्याची किंमत कागदावर मांडता येते, पण मुलांना उन्हाळ्यात गरे मिळत नाहीत.

कागदावरून आठवले. कुठेही धरण होवो, रस्ता होवो, भरपाईचा हिशेब कागदावरून होतो. आपल्याकडे सात-बारा, गोव्यात एक-चौदाचा उतारा. ज्याचे नाव त्यात, तो मालक. पिढ्यान्पिढ्या शेत कसले पण नाव लागले नाही, तर साहेब म्हणतात, "तुमचं नाव दिसत नाही हो इथे." मग कोण काय करणार? म्हणून आपला उतारा आपण वाचायचा. दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा नाही. पुढच्या पाठात आपण तेच शिकणार आहोत.

असो. धरणातून रोज ४० कोटी लिटर पाणी पुरवायचे अशी योजना होती. पंधरा लिटरची घागर धरली तर अडीच कोटींहून जास्त घागरी होतात. रोजच्या! मडगाव, वास्को अशा शहरांतल्या नळांना साळावलीचे पाणी आले. शेतीला, कारखान्यांना आले. हे खोटे नाही. धरणाने पुष्कळांचे घसे ओले केले. पण ज्यांनी गाव दिले त्यांचे काय? वाडे येथील लोकांनी २०१९ साली बातमीदारांना सांगितले की आमच्या नळांना हे पाणी आलेच नाही. गावात दोन मोठ्या विहिरी, त्याही एप्रिल-मेमध्ये आटतात. मग सरकारी टँकरची वाट पाहायची. आता हे ऐकून कोणाला राग आला तर त्याचे काय चुकले? पाण्यासाठी घर सोडले आणि हंडा घेऊन पुन्हा रांगेत उभे राहिले.

तुमच्यापैकी कोणी विचारील, गाव मग मे महिन्यात दिसते कसे? सोपे आहे. पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरतो. पुढे सारा हिवाळा-उन्हाळा नळांना आणि शेतांना पाणी सोडतात. ऊन तापले की काही वाफ होऊन उडते. तलाव खाली खाली जातो. मे महिन्यात पाणी पार उतरते आणि तळ उघडा पडतो. पाऊस मागच्या वर्षी फार झाला असेल तर कमी उघडतो, एवढेच.

मग काय दिसते? भेगाळलेली जमीन. झाडांची काळी खोडे. जांभ्याचे चौथरे, विहिरींचे कठडे, फुटकी भांडी. चौथऱ्यावरून म्हातारी माणसे ओळखतात, हे आमचे घर, ही पलीकडे काकांची पडवी. त्यांच्याबरोबर आलेली मुले दुसऱ्या गावात जन्मली. ती विचारतात, "पडवी कुठाय? इथे तर नुसते दगड आहेत." मग म्हातारा काठीने जमिनीवर रेघ ओढतो. इथे चूल होती, इथे गोठा.

मे महिन्यात सोमेश्वराचा उत्सव होतो. विखुरलेली कुटुंबे त्या दिवशी एकत्र येतात. ख्रिस्ती लोक आपल्या चॅपेलच्या सणाला येतात. देव एकेकाचे वेगळे, पण येण्याची वाट तीच, तलावाच्या सुकलेल्या तळातून. मग जूनमध्ये पाऊस लागतो. आधी शेते बुडतात, मग विहिरी, मग चौथरे.

आपल्याकडे इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवच्या लोकांना हे नवीन वाटणार नाही. उजनी धरणाचे पाणी उतरले की त्यांचे जुने पळसनाथाचे देऊळ असेच वर येते.

आता पाट्या काढा. कुर्डीच्या चार दिशांना काय होते ते लिहा. खाली आपल्या गावाच्या चारी दिशा लिहा. ज्यांना लिहायला अजून जड जाते त्यांनी शेजाऱ्याला सांगा, तो लिहील. पण विहिरी किती आणि त्यांतल्या मे महिन्यात आटणाऱ्या किती, हे आकडे प्रत्येकाने स्वतः घालायचे. पुढच्या वर्गाला येताना घरातला उतारा सापडला तर सोबत घेऊन या.