मोटारीचें तिसरें पेडल

माणसानें एखादें काम यंत्रावर सोंपवावें, आणि पुढें तेंच काम त्यानें यंत्राकडून हौसेनें परत मागून घ्यावें, असा प्रसंग व्यवहारांत क्वचितच येतो. मोटारगाडीच्या बाबतींत मात्र तो आला आहे. अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीनें १९४० सालच्या ओल्डस्मोबिल गाड्यांत हायड्रामॅटिक नांवाची स्वयंचलित गिअरपेटी बसवून दिली, आणि चालकाच्या डाव्या पायाला कायमची रजा मिळाली. आज त्या देशांत विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकीं हातानें गिअर बदलावे लागतात अशा गाड्या फारच थोड्या आहेत. असें असूनही तेथेंच आपल्या स्वयंचलित गाडीचें हस्तचलित गाडींत रूपांतर करून घेणारे हौशी लोक आढळतात. हें रूपांतर कसें होतें, आणि त्यांत धोक्याची जागा कोणती, हें पाहण्यासारखें आहे.

उदाहरणादाखल फोर्ड कंपनीची १९८६ ते १९९३ या सालांतील आठ सिलिंडरांची मस्टँग गाडी घेऊं. ही गाडी कारखान्यांतूनच दोन प्रकारांनीं बाहेर पडत असे: एकींत ए.ओ.डी. नांवाची चार गिअरांची स्वयंचलित पेटी, तर दुसरींत बोर्ग-वॉर्नरची टी-५ ही पांच गिअरांची हस्तचलित पेटी. त्यामुळें एकीचे भाग दुसरींत बसविणें हें नवें शोधून काढण्याचें काम नव्हे. कारखान्यानें जें केलें तेंच घरीं पुन्हा करण्याचें काम आहे.

इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामधला दुवा हा या प्रकरणाचा गाभा होय. स्वयंचलित गाडींत हा दुवा तेलाचा असतो. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक विजेनें सुरू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसराही फिरूं लागतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्यें वाऱ्याच्या जागीं तेल असतें इतकेंच. गाडी उभी राहून दुसरा पंखा थांबला तरी पहिला फिरतच राहतो, म्हणून इंजिन बंद पडत नाहीं. हस्तचलित गाडींत हाच दुवा घर्षणाचा असतो. इंजिनाच्या टोकाशीं फ्लायव्हील नांवाचें जड चाक असतें, व त्यावर क्लचची तबकडी स्प्रिंगच्या जोरानें दाबून धरलेली असते. पेडल दाबलें कीं तबकडी सुटते आणि इंजिन मोकळें होतें. टी-५ पेटीच्या पहिल्या गिअरांत मागील चाकांकडे जाणारा दांडा एकदां फिरावा म्हणून इंजिनाला ३.३५ फेरे घ्यावे लागतात. पांचव्या गिअरांत ०.६८ फेरा पुरतो. कोणता गिअर केव्हां घालावयाचा हें स्वयंचलित पेटींत तेलाचा दाब व झडपा ठरवितात. रूपांतरानंतर तें चालकानें ठरवावयाचें असतें, आणि हौशी माणसाला नेमका हाच अधिकार हवा असतो.

आतां प्रत्यक्ष काम. जुनी पेटी व तिच्याबरोबरचा टॉर्क कन्व्हर्टर काढल्यावर इंजिनाच्या टोकाशीं एक पातळ पोलादी तबकडी दिसते. तिच्या जागीं फ्लायव्हील बसवावयाचें असतें. येथें पहिली चूक होते. फोर्डच्या या घराण्यांतील जुन्या इंजिनांच्या फ्लायव्हीलवर २८ औंस-इंचांचा असमतोल मुद्दाम ठेवलेला असे. या मस्टँगच्या इंजिनाला ५० औंस-इंचांचा लागतो. दोनही चाकें वरवर सारखीं दिसतात. पण चुकीचें चाक बसविलें तर इंजिन हादरूं लागतें व त्याचीं बेअरिंगें झिजतात. दुसरी गोष्ट अगदीं लहान आहे. गिअरपेटीच्या दांड्याचें टोक इंजिनाच्या क्रँकदांड्यांत ज्या बेअरिंगवर टेकतें, तें स्वयंचलित गाडींत बहुधा नसतेंच. तें ठोकून बसविण्याचें विसरल्यास सगळी पेटी पुन्हा उतरावी लागते. पायाशीं ब्रेकचें रुंद पेडल काढून दोन पेडलांचा संच बसतो, आणि क्लचची तार इंजिनाकडे नेली जाते. थ्रॉटलपासून जुन्या पेटीकडे जाणारी तार काढून टाकावयाची. जुन्या पेटीचें तेल थंड होण्यासाठीं रेडिएटरकडे जाणाऱ्या नळ्याही काढावयाच्या. मौज अशी कीं, टी-५ पेटींत घालावयाचें तेल स्वयंचलित पेटीचेंच असतें. नांवावरून जाऊन त्यांत जाड तेल ओतणारा मनुष्य फसतो.

एवढें झालें कीं बहुतेकांना काम संपलें असें वाटतें. वस्तुतः महत्त्वाचें काम येथूनच सुरू होतें. जुनी स्वयंचलित पेटी केवळ गिअर बदलत नव्हती. ती घरांतील जुन्या नोकराप्रमाणें कोणी न सांगतां आणखी कित्येक कामें करीत होती. तिला निरोप दिल्यावर त्या प्रत्येक कामाला वारस नेमावा लागतो.

पहिलें काम इंजिन सुरू करतांनाच्या रखवालीचें. स्वयंचलित गाडींत दांडा उभ्या गाडीच्या किंवा मोकळ्या खांचेंत असल्याखेरीज स्टार्टरला वीज मिळत नाहीं. तशी कळ पेटीवरच असते. पेटी गेली कीं कळही जाते, आणि किल्ली फिरविली तरी इंजिन ढिम्म हालत नाहीं. अशा वेळीं घाईचा मनुष्य त्या दोन तारा एकमेकींना जोडून मोकळा होतो. गाडी सुरू होते. पण रखवालदार नाहींसा झालेला असतो. पुढें एखाद्या दिवशीं घरांतील दुसरा कोणी, स्वयंचलित गाडीची संवय असलेला, बाहेर उभा राहून खिडकींतून किल्ली फिरवितो. गाडी पहिल्या गिअरांत असते, आणि ती जागच्या जागीं उडी घेते. तिच्यापुढें त्या वेळीं भिंत आहे कीं मूल, हें गाडीला कळत नाहीं. त्या दोन तारा क्लचच्या पेडलावरील कळीला जोडल्या, म्हणजे पेडल पूर्ण दाबल्याखेरीज स्टार्टर फिरत नाहीं. कारखान्यानेंही आपल्या हस्तचलित गाडींत हीच योजना केली होती.

दुसरें काम उभी गाडी धरून ठेवण्याचें. स्वयंचलित पेटींत एक पोलादी खिटी दांत्यांत अडकून चाकांना अडवीत असे, म्हणून कित्येक गाड्यांचे हँडब्रेक वर्षानुवर्षें न वापरल्यानें गंजून जातात. रूपांतरानंतर तोच हँडब्रेक मुख्य आधार होतो. त्याच्या तारा व मागील ब्रेक आधीं तपासले पाहिजेत. उतारावर गाडी लावतांना हँडब्रेक ओढून शिवाय पेटी गिअरांत ठेवावी. तिसरें काम गाडी मागें घेतांना पांढरे दिवे लावण्याचें. तेही जुन्या कळीवरच चालत. त्यांच्या तारा टी-५ पेटीवरील कळीकडे नेल्या पाहिजेत.

खर्चाचाही विचार करावा. ज्याला केवळ हस्तचलित गाडी हवी, त्यानें ती कारखान्यांतून तशीच निघालेली घ्यावी. बहुतेक वेळां ती स्वस्त पडते. हातची गाडी जिवापाड आवडती असेल तरच हा खटाटोप करावा. तेव्हांही त्याच जातीच्या एका मोडीत निघालेल्या गाडीवरून सर्व भाग एकदम घ्यावे, म्हणजे किरकोळ कंस व बोल्ट यांसाठीं अडून बसावें लागत नाहीं. क्लचची तबकडी मात्र नवी घ्यावी, आणि पहिले ५०० मैल तिला सांभाळून वागवावी.

गाडी रस्त्यावर नेण्यापूर्वीं तिची छोटीशी परीक्षा घ्यावी. हँडब्रेक ओढून, गिअर मोकळा ठेवून, क्लचला पाय न लावतां किल्ली फिरवावी. इंजिन फिरतां कामा नये. सौम्य उतारावर, ब्रेकवर पाय तयार ठेवून, नुसत्या हँडब्रेकवर गाडी थांबते कीं नाहीं तें पाहावें. मागें जाण्याचा गिअर घालून दुसऱ्या कोणास दिवे पाहावयास सांगावें. या तिन्हींत गाडी उतरली, म्हणजे रूपांतर पुरें झालें असें समजावें. एकांतही ती चुकली, तर गिअर कितीही सुरेख पडत असले तरी तिनें त्या दिवशीं घरींच राहावें, हें उत्तम.